परक्या युद्धाआधी संमती, युद्धानंतर हिशेब : पोंभुर्णा तालुक्याचे मागणीपत्र

प्रति,
1) मा. प्रधानमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
2) मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई
3) आमच्या मतदारसंघाचे मा. खासदार व मा. आमदार

मार्फत : मा. तहसीलदार, पोंभुर्णा, जि. चंद्रपूर

विषय : देशाबाहेरील युद्धांसाठी सैन्य, शस्त्रे व मजूर पाठविण्यापूर्वी संसदेची संमती, त्याचा जाहीर हिशेब आणि जाणाऱ्या मजुरांना जिल्हा पातळीवर संरक्षण मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये आम्ही पोंभुर्णा तालुक्यातील धान उत्पादक शेतकरी, तेंदू व बांबूचे मजूर, माजी सैनिकांची कुटुंबे आणि कामाच्या शोधात असलेले तरुण आमच्या संघटनेच्या वतीने हे मागणीपत्र सादर करीत आहोत. या भागातून तहसील कार्यालयात निवेदने येतात ती धानाच्या बोनससाठी, वाघाने मारलेल्या माणसाच्या नुकसानभरपाईसाठी, वनहक्काच्या रखडलेल्या दाव्यांसाठी. या वेळी कागदावर युक्रेन, इस्रायल, श्रीलंका अशी नावे पाहून आवक-जावक लिपिकाला हसू येईल. जंगलातल्या तालुक्याला परदेशी युद्धांशी काय करायचे, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर पुढे आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. कोणताही देश परक्या युद्धात फौज उतरवतो त्याच्या कितीतरी आधी त्याचे लाकूड, दारूगोळा, पैसा आणि माणसे तिथे पोहोचलेली असतात. ही सामग्री ज्या मुलखातून उचलली जाते, तिथल्या लोकांना कोणी विचारलेले नसते आणि नंतर हिशेबही कोणी देत नाही. देश परक्या युद्धात का शिरतात याची कारणे अनेक आहेत, ती आम्ही एकेक करून मांडतो. त्यातली काही योग्यही आहेत. पण योग्य कारण कोणते आणि अयोग्य कोणते, हे ठरवण्याची जागा आज आपल्या व्यवस्थेत नाही. ती निर्माण करावी, ही आमची मुख्य मागणी.

1. मालकाचा हुकूम आणि मालकाची गरज

1914 साली इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि भारत न विचारता त्यात गेला. दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार पाठवले गेले, 74 हजारांवर परतले नाहीत. पुण्याची सहावी डिव्हिजन आजच्या इराकमध्ये उतरली. पुण्याच्या आणि साताऱ्याच्या माणसाचे बसऱ्याशी वैर नव्हते. वैराची गरज इंग्रजांच्या आरमाराला होती. ते कोळशावरून तेलावर येत होते. इराणच्या आखाताजवळचा अबादानचा तेल कारखाना त्यासाठी हवा होता आणि तो चालवणाऱ्या अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी बहुसंख्य भाग घेतले होते. तेल राखायला गेलेली फौज बगदादच्या मोहात पुढे सरकत गेली, कूत येथे वेढ्यात अडकली आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरण गेली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या.

या मोहिमेचे स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणीगणिक नुसती संख्या लिहिली गेली.

माणसांबरोबर जंगलही गेले. एप्रिल 1917 ते ऑक्टोबर 1918 या दीड वर्षात सरकारच्या म्युनिशन्स बोर्डाने, रेल्वेचे स्लीपर वगळून, सुमारे 2 लाख 28 हजार टन लाकूड युद्धासाठी पुरवले. इजिप्त आणि इराकमधल्या फौजांच्या जनावरांसाठी सुमारे 50 हजार टन गवत गेले. राखीव जंगलात गावकऱ्याने सरपणाची मोळी बांधली तर त्याच्यावर खटला भरणारे याच सरकारचे वनखाते होते.

भरतीचाही हिशेब तसाच. महार समाजाला सैन्याची दारे बंद होती. युद्धाची गरज पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर 1921 मध्ये तिला नारळ देण्यात आला. दुसरे युद्ध आले तेव्हा 1941 मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभारली गेली. माणूस सैन्यात जातो त्यामागे पोट आणि मान या दोन्ही गोष्टी असतात. त्यात गैर काही नाही. पण गरज सरल्यावर ज्याला घरी पाठवले जाते, त्याचा युद्धाच्या निर्णयात वाटा किती होता, हा प्रश्न उरतो. 10 जून 1918 रोजी मुंबईच्या युद्ध परिषदेत लोकमान्य टिळकांनी सहकार्याबरोबर स्वराज्याचा विषय काढला. गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना तिथेच अडवले आणि टिळक सभा सोडून निघून गेले. माणसे हवी होती, त्यांचे मत नको होते.

2. चिमूरची आठवण

3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. निवडून आलेल्या एकाही प्रतिनिधीला विचारले नाही. निषेध म्हणून प्रांतोप्रांतीची काँग्रेस मंत्रिमंडळे पायउतार झाली. नागपूरहून आमच्या चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याचा कारभार पाहणारे रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळही नोव्हेंबरात गेले. पुढे 1942 चे आंदोलन झाले. त्याचे मूळ स्वातंत्र्याच्या मागणीत होते, पण न विचारता युद्धात ओढल्याचा संताप त्यात पुरेपूर होता.

16 ऑगस्ट 1942, नागपंचमी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी भारलेल्या चिमूरमध्ये मोर्चा निघाला. पोलिसांच्या गोळीबारात कोवळा बालाजी रायपूरकर पडला, चिडलेल्या जमावाने अधिकाऱ्यांना मारले आणि मग गावात घुसलेल्या फौजेने बायाबापड्यांवर अत्याचार केले. तुकडोजी महाराजांना अटक झाली. या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. जयकृष्ण भन्साळींनी 63 दिवस उपोषण केले. चिमूर आमच्याच जिल्ह्यात आहे. दूरच्या युद्धाचा निर्णय परस्पर घेतला तर त्याची किंमत कुठे चुकवावी लागते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे.

3. शेजारी आग लागते तेव्हा

स्वातंत्र्यानंतर हुकूम देणारा मालक गेला. तरीही आपण देशाबाहेर लढलो. प्रत्येक वेळी ते चुकीचे होते, असे आमचे म्हणणे नाही.

1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलींमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. घराला घर लागून असले की शेजारची आग आपली नाही असे म्हणून भागत नाही. चंद्रपूर शहरातला बंगाली कॅम्प, गडचिरोलीतल्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांतल्या बंगाली वस्त्या आम्हाला परक्या नाहीत. 1960 च्या दशकापासून तिकडून उखडलेली कुटुंबे इथे वसवली गेली, आज तीही आमच्याबरोबर धान पेरतात. 1971 चे युद्ध तेरा दिवसांत संपले. त्याचे उद्दिष्ट स्पष्ट होते आणि काम झाल्यावर काही महिन्यांत फौज परत आली.

1987 चे श्रीलंका प्रकरण वेगळे आहे. 29 जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्यात करार झाला आणि लगेच शांतिसेना रवाना झाली. तिला तामिळ बंडखोरांकडून शस्त्रे गोळा करायची होती. ऑक्टोबर उजाडेपर्यंत ती त्याच तामिळ वाघांशी लढत होती, ज्यांना आधी आपल्याच यंत्रणांनी प्रशिक्षण दिले होते. 8 महार बटालियनचे मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 रोजी तिथे धारातीर्थी पडले, त्यांना परमवीरचक्र मिळाले. सुमारे 1200 जवान मारले गेले. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा तामिळ नाराज होते, सिंहली नाराज होते आणि काय साधले याचे उत्तर कोणाकडे नव्हते. शांतता राखायला गेलेल्या फौजेचे काम नेमके काय, मर्यादा काय आणि परतायचे कधी, हे आधी संसदेपुढे लिहून ठेवले असते तर निदान प्रश्न विचारायला जागा राहिली असती.

4. नकारही देता येतो

2003 मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला आणि नंतर भारताकडे एक डिव्हिजन मागितली. मैत्री वाढेल, तेलाची आणि पुनर्बांधणीची कंत्राटे मिळतील, अशी गणिते दिल्लीत मांडली जात होती. पण 8 एप्रिल 2003 रोजी लोकसभेने या युद्धाविरुद्ध एकमुखाने ठराव केला होता. 14 जुलैला वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याचे सांगून नकार कळवला. ज्या इराकात 1916 मध्ये मराठी शिपाई न विचारता गेला, तिथे 2003 मध्ये तो गेला नाही. या वेळी सभागृह आधी बोलले होते.

आणि युद्धात जाण्याचा एक निराळा मार्गही मराठी माणसाला माहीत आहे. 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला भारतातून काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर होते. कोटणीस तिथेच 9 डिसेंबर 1942 रोजी वारले. कोरियात 1950 मध्ये भारताने लढाऊ पलटण न देता फील्ड ॲम्ब्युलन्स दिली. 1953 मध्ये युद्धकैद्यांच्या सांभाळासाठी जी भारतीय सेना गेली तिचे नेतृत्व मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होते. परक्या युद्धाकडे पाठ फिरवा, असे आम्ही म्हणत नाही. काय घेऊन जायचे, हे ठरवण्याचा अधिकार मागतो.

5. बाजाराची वाट

आता परक्या युद्धात शिरण्याचा नवा रस्ता बाजारातून जातो. देशाची संरक्षण निर्यात 2013-14 मध्ये 686 कोटी रुपये होती. 2024-25 मध्ये ती 23,622 कोटींवर गेली आणि 2029 पर्यंत 50 हजार कोटींचे उद्दिष्ट आहे. भद्रावतीची आयुध निर्माणी 1 ऑक्टोबर 2021 पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत गेली. तिथल्या पगारावर आमच्या जिल्ह्यातली घरे चालतात. तो कारखाना बंद करा, असे आम्ही म्हणत नाही आणि कोणाला म्हणूही देणार नाही. पण तोफगोळा एकदा फाटकाबाहेर पडला की तो कोणाच्या हातात जातो, हे विचारण्याचा हक्क तो भरणाऱ्या कामगाराला आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये भारतीय बनावटीचे तोफगोळे युरोपीय खरेदीदारांमार्फत युक्रेनला पोहोचल्याच्या बातम्या आल्या. परराष्ट्र मंत्रालयाने त्या दिशाभूल करणाऱ्या आहेत असे सांगितले. त्याच महिन्यात, 9 सप्टेंबरला, इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. परराष्ट्र धोरण न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, असे कारण दिले. न्यायालयाचे म्हणणे मान्य केले तर ते कोणाच्या कक्षेत येते? संसदेच्या. आणि संसदेपुढे देशनिहाय शस्त्रनिर्यातीचा कोणताही वार्षिक अहवाल येत नाही. जागतिक शस्त्रव्यापार करारावर 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांत मतदान झाले तेव्हा भारत तटस्थ राहिला. त्यामागे सरकारची कारणे असतील. पण बाहेरचा नियम नको असेल तर घरचा नियम तरी हवा.

युद्धात न उतरताही युद्ध बांधीत येते, हे वेगळे सांगायला नको. युक्रेनचे युद्ध पेटले तसा रशिया-बेलारूसकडून येणाऱ्या पोटॅशचा भाव आमच्या धानाला लागला. 2022-23 मध्ये देशाचे खत अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेले, तो पैसाही आमच्याच करांतून गेला.

6. पोटाची वाट

इथले मजूर दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. मुकादम येतो, उचल देतो, गाडी भरून नेतो. कागद काही होत नाही. हीच पद्धत आता समुद्रापार पोहोचली आहे. रशियात मदतनीसाचे, सुरक्षारक्षकाचे काम आहे म्हणून नेलेले भारतीय तरुण थेट आघाडीवर पाठवले गेले. परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितले की रशियन सैन्यात अशा 126 भारतीयांची प्रकरणे समोर आली, त्यांपैकी 12 मरण पावले आणि 16 बेपत्ता होते. इस्रायलमध्ये गाझाचे युद्ध सुरू झाल्यावर पॅलेस्टिनी मजुरांच्या जागी भारतीय बांधकाम मजुरांची भरती सरकारी पातळीवर झाली. आधी हरयाणा, उत्तर प्रदेशात आणि सप्टेंबर 2024 मध्ये महाराष्ट्रातही. मार्च 2024 मध्ये लेबनॉन सीमेजवळ क्षेपणास्त्राने केरळचा एक शेतमजूर मारला गेला होता.

1983 च्या उत्प्रवास कायद्याखालील परवानगीची तपासणी 18 देशांपुरती आणि मुख्यत्वे दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टपुरती आहे. त्या यादीत रशिया नाही आणि इस्रायलही नाही. आयटीआय झालेला आमचा पोरगा त्यामुळे या चाळणीतून अलगद खाली पडतो. मालकाने 1917 मध्ये नेला तो सरकारी हुकमाने. आज तो स्वतःच्या सहीने जातो, आणि सही कशावर केली ते परक्या भाषेत असल्याने त्याला वाचता येत नाही.

7. संमती म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक आहे

2006 च्या वनहक्क कायद्यानंतर आणि 2009 च्या केंद्राच्या परिपत्रकानंतर जंगलाची जमीन दुसऱ्या कामासाठी वळवायची तर ग्रामसभेचा ठराव लागेल असे ठरले. शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्या बांबूचा निर्णय ते गाव आजही सर्वसहमतीने घेते. बांबूसाठी संमती लागते, फौजेसाठी नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत युद्ध आणि शांतता हा संघसूचीतला विषय आहे, अनुच्छेद 51 राज्याला आंतरराष्ट्रीय शांततेचे मार्गदर्शन करतो. पण फौज परदेशी पाठवण्याआधी संसदेला विचारावेच, असा कायदा आपल्याकडे नाही.

इतर देशांत असे कायदे किंवा प्रथा आहेत. जर्मनीत 1994 च्या न्यायनिर्णयानंतर आणि 2005 च्या कायद्यानंतर सैन्य बाहेर पाठवायला संसदेचे मत लागते. ब्रिटनमध्ये 2013 साली सीरियावरील कारवाईचा ठराव कॉमन्स सभागृहाने 285 विरुद्ध 272 मतांनी फेटाळला. अमेरिकेने व्हिएतनामचे चटके बसल्यावर 1973 मध्ये संसदेच्या मंजुरीविना लढण्यावर 60 दिवसांची मुदत घातली. पण 2001 च्या एकाच ढोबळ ठरावाच्या आधारे तिथले राष्ट्राध्यक्ष वर्षानुवर्षे अनेक देशांत लढत राहिले. म्हणून संमती मोघम नको. देश, काम आणि मुदत यांच्यासह हवी.

मागण्या

वरील विवेचनावरून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

(1) भारतीय सशस्त्र दले देशाबाहेर लढाऊ कामासाठी पाठवण्यापूर्वी संसदेच्या दोन्ही सभागृहांची संमती बंधनकारक करणारा कायदा करावा. परदेशी अडकलेल्या भारतीयांची सुटका आणि अचानक ओढवलेला हल्ला यांना सूट असावी, मात्र 30 दिवसांत सभागृहाची मान्यता घ्यावी. ठरावात देश, उद्दिष्ट, मुदत आणि परतीची अट नमूद असावी.

(2) श्रीलंकेतील शांतिसेनेसंबंधीची 25 वर्षे उलटलेली कागदपत्रे सार्वजनिक अभिलेख कायदा 1993 अन्वये खुली करावीत आणि त्या मोहिमेची श्वेतपत्रिका संसदेत मांडावी.

(3) शस्त्रनिर्यातीचा देशनिहाय, मालनिहाय वार्षिक अहवाल संसदेत मांडावा. अंतिम वापरकर्त्याच्या प्रमाणपत्राची प्रत्यक्ष पडताळणी करावी आणि माल तिसऱ्या देशाला वळवणाऱ्या खरेदीदाराला पुढील परवाने देऊ नयेत.

(4) निर्यातीचा वेग वाढवताना आयुध निर्माण्यांतील कामगारांच्या सुरक्षेचे स्वतंत्र लेखापरीक्षण करावे. 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार गेले. तसे पुन्हा होऊ नये.

(5) उत्प्रवासाची तपासणी पासपोर्टावरील शिक्षणावरून न करता कामाच्या ठिकाणी युद्ध चालू आहे का यावरून करावी. अशा देशांसाठी मराठीत लेखी करार, विमा, परतीच्या तिकिटाची हमी आणि परदेशी सैन्यात भरतीवर बंदी हे किमान निकष असावेत.

(6) चंद्रपूर व गडचिरोली येथे जिल्हाधिकारी कार्यालयात परदेशी रोजगार कक्ष उघडावा. एजंटांची नोंदणी तिथे पडताळता यावी, आणि आयटीआयमध्ये दरवर्षी याची माहिती द्यावी.

(7) जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने दोन्ही महायुद्धे, 1971 आणि श्रीलंका या मोहिमांत गेलेल्या या दोन जिल्ह्यांतील जवानांची नावनिशीवार यादी तयार करून संबंधित ग्रामपंचायतींना द्यावी. आकडा नको, नाव हवे.

(8) वनखात्याने दोन्ही महायुद्धांच्या काळातील चांदा जिल्ह्यातल्या लाकूडतोडीची नोंद जाहीर करावी. यापुढे संरक्षण साहित्यासाठी किंवा त्याच्या कारखान्यांसाठी जंगल वळवायचे झाल्यास ग्रामसभेची संमती वगळू नये.

आमच्या बाजूने आम्ही काय करू, तेही लिहून देतो. तालुक्यातील ग्रामसभांत पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मागणीचे ठराव मांडू. कामासाठी परदेशी जाणाऱ्या प्रत्येक तरुणाचे नाव, देश आणि एजंट यांची वही गावपातळीवर ठेवू. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला पहिल्या मागणीवर त्याची भूमिका सभेत, सर्वांसमोर विचारू.

या निवेदनावर 60 दिवसांत लेखी उत्तर मिळावे. जी मागणी मान्य नसेल तिच्यापुढे कारण लिहावे. कारण पटले तर आम्ही ती मागणी दुरुस्त करू. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करू आणि 16 ऑगस्टला, चिमूर क्रांतीच्या दिवशी, तहसील कार्यालयासमोर शांततेने धरणे देऊ.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य
(पोंभुर्णा तालुक्यातील शेतकरी, मजूर, माजी सैनिक कुटुंबे व युवक यांच्या संघटनेच्या वतीने)

प्रतिलिपी माहिती व आवश्यक कार्यवाहीस्तव :
मा. जिल्हाधिकारी, चंद्रपूर
मा. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, चंद्रपूर
तालुक्यातील सर्व ग्रामपंचायती